पांढरीवरचे घर, काळीवरचे घर

बुलढाणा जिल्ह्यात घराची फरशी बहुधा खालून खराब होते. दगड किंवा टाइल वरून झिजायला वीस-तीस वर्षे जातात. पण भराव बसला, काळी माती फुगली किंवा खारे पाणी वर चढले, तर नवीकोरी फरशी दोन-तीन पावसाळ्यांतच सांधे सोडते, मधोमध दबते, भिंतीपासून सुटते. त्यामुळे टिकाऊ फरशीचा विचार दुकानातल्या नमुन्यांपासून सुरू करून चालत नाही. तो घराखालच्या मातीपासून करावा लागतो.

जुन्या गावरचनेला ही गोष्ट ठाऊक होती. गावाच्या दोन जमिनी असत, वस्तीची पांढरी आणि शेतीची काळी. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरांची पडझड, राख आणि माती थरावर थर बसून झालेला उंचवटा. ही माती पाणी लागले तरी फारशी फुगत नाही आणि उन्हाळ्यात तडकत नाही. काळीत कापूस, तूर, ज्वारी पिकवायची आणि घर पांढरीवर बांधायचे, अशी ती वाटणी होती. गेल्या काही दशकांत खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, बुलढाणा अशा गावांभोवतीच्या शेतजमिनी अकृषक होऊन तिथे ले-आउट पडले आणि घरे पांढरीवरून काळीवर आली. फरशीच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ या स्थलांतरात आहे.

जिल्ह्याचे तेरा तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भागांत विभागले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे घाटावरचे. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे. घाटावर बऱ्याच ठिकाणी मातीचा थर पातळ असतो; थोडे खणले की मुरूम आणि त्याखाली काळा खडक लागतो. नाल्याकाठच्या आणि खोलगट शिवारात मात्र तिथेही काळी माती जाड आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात नदीने आणून टाकलेल्या गाळाचे खोल थर आहेत. पाया कितीही खणला तरी अनेक जागी मुरूम लागत नाही. त्यातच अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा याच खोऱ्यात येतो. एकाच दुकानातून नेलेली एकच टाइल चिखलीच्या मुरमाड जागेवर निर्धास्त राहते आणि शेगावकडच्या काळ्या रानात त्रास देते, त्याचे कारण इथे आहे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच आकसण्याने. घराखाली हे फुगणे-आकसणे सगळीकडे सारखे होत नाही. घराच्या मध्यभागी ऊन पोचत नाही म्हणून माती ओलसर राहते. कडेची माती पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात वाळते. भिंती खोल पायावर उभ्या असल्याने जागच्या जागी राहतात, फरशी मात्र नुसत्या भरावावर टेकलेली असते. ती हलते. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट दिसू लागली की हा खेळ सुरू झाला, असे समजावे.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. जोत्याच्या आतली काळी माती शक्य तितकी खोल, निदान दोन-तीन फूट, काढून टाकायची आणि तिच्या जागी चांगला मुरूम भरायचा. इथे एक चूक फार वेळा होते. पायासाठी खणून काढलेली काळी माती समोरच पडलेली असते. ती वाहून न्यायला पैसे लागतात म्हणून तीच परत जोत्यात लोटली जाते. वाचलेल्या दोन-चार ट्रॉल्यांचे भाडे पुढे संपूर्ण फरशी उखडून चुकते करावे लागते. मुरूमसुद्धा एकदम ओतून उपयोग नाही. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस, आणि तो घट्ट बसल्यावर पुढचा थर. सवड असेल तर भराव एक पावसाळा तसाच खाऊ द्यावा. घाई झालेल्या घरांत खोलीच्या मधोमध परातीसारखा खळगा पडतो, तो न बसलेल्या भरावाचा असतो.

मुरमावर डबराचे सोलिंग आणि त्यावर चार इंचांचे काँक्रीट येते. एक माप सिमेंट, चार मापे रेती, आठ मापे गिट्टी हे त्याचे नेहमीचे प्रमाण. घराभोवती बाहेरच्या बाजूने दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेर ढाळ असलेला पक्का पट्टा केला, की छपराचे पाणी पायापाशी मुरत नाही आणि मातीची ओल वर्षभर एकसारखी राहते. फरशी वाचवणारे याहून स्वस्त काम दुसरे नाही, आणि नेमके हेच काम नकाशात नसते. काळी माती फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखे फुगीर असणारे अंडररीम पाइल घालून त्यांवर बीम टाकतात. त्याचा निर्णय अभियंत्याला जागा दाखवूनच घ्यावा.

खारपाणपट्ट्यात दुसरी अडचण क्षारांची. जमिनीतली ओल बारीक छिद्रांतून वर चढते आणि पृष्ठभागाशी येऊन उडून जाते. क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक वाढताना दगडाला आतून रेटतात. प्रथम सांध्यांतून पांढरी बुरशीसारखी पूड येते, लोक त्याला लोणा लागला म्हणतात, आणि काही वर्षांनी थरांच्या दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. रोज पुसून लोणा जात नाही. पुसण्याच्या पाण्याने उलट क्षार पुन्हा विरघळतात. उपाय फरशी बसवण्याआधीच करायचा असतो. सोलिंगवर रेतीचा पातळ थर देऊन जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि त्यावर काँक्रीट टाकायचे. कागदाचे जोड एकमेकांवर निदान अर्धा फूट चढवायचे. बांधकामाचे पाणीही तपासून घ्यावे. भारतीय मानक 456 प्रमाणे लोखंड नसलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 2000 मिलिग्रॅमपर्यंत चालते, पण सळई असलेल्या काँक्रीटसाठी ही मर्यादा 500 आहे. फरशीच्या मालाला चालणारे बोअरचे पाणी म्हणूनच स्लॅबला चालेलच असे नाही.

खालची तयारी झाली की वरच्या थराचा प्रश्न येतो. वऱ्हाडातल्या मातीच्या घरांत तो प्रश्नच नव्हता. मुरूम आणि पांढरी माती धुमसून केलेली जमीन शेणाने सारवली जाई. या जमिनीचा एक गुण आजच्या कुठल्याही फरशीत नाही. खालची माती हलली तर तीही तिच्याबरोबर हलते, आणि पडलेली भेग पुढच्या सारवणात बुजते. उन्हाळ्यात ती थंड लागते, पडलेले भांडे फुटत नाही. पण तिचे टिकणे घरातल्या बाईच्या कमरेवर अवलंबून असते. दर आठ-पंधरा दिवसांनी ओणवे होऊन घरभर हात फिरवायचा, सणावाराला पुन्हा, पावसाळ्यात पोपडे धरले की पुन्हा. हा खर्च कुठल्याही हिशेबात मांडला गेला नाही. आरोग्याचाही प्रश्न आहे. मेक्सिकोच्या कोआहुइला राज्यात 2000 साली गरीब घरांतली मातीची जमीन सरकारी खर्चाने सिमेंटची करून देण्यात आली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा घरांतल्या लहान मुलांचे जंत, जुलाब आणि रक्तक्षय ठळकपणे कमी झालेले दिसले. रांगते मूल ज्या जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते, ती धुता येण्यासारखी असणे हा चैनीचा भाग नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे, आणि 2016 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशासाठी 1.20 लाख रुपये साहाय्य ठरले. एवढ्या पैशात भिंती आणि छप्पर झाले की फरशीसाठी फार काही उरत नाही. अशा घराला सर्वांत योग्य जमीन सिमेंटच्या कोब्याची. दीड इंच जाडीचे, बारीक गिट्टीचे काँक्रीट टाकायचे, ते ओले असतानाच वरून घोटून गुळगुळीत करायचे. सहा-साडेसहा फुटांपेक्षा मोठा चौकोन एकसंध टाकू नये. मध्ये काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालून भाग पाडावेत, म्हणजे आकसताना वेड्यावाकड्या भेगा पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी कडेने मातीचे आळे करून निदान आठवडाभर पाणी साठवून ठेवायचे. इथेच अनेक कोबे बिघडतात. शेतीची कामे नसतात म्हणून बांधकाम उन्हाळ्यात निघते, आणि त्याच वेळी गावात प्यायला पाणी नसते. घाटाखाली पारा 44 अंशांच्या वर जातो तेव्हा अर्धवट पाणी मिळालेला कोबा वरून पीठ सोडू लागतो. झाडू मारला की दररोज धूळ निघते. कोब्याचे काम दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असताना, उरकता आले तर तोच पैसा दुप्पट टिकतो.

दगडाच्या फरशीकडे वळताना एक गोष्ट विचारात पाडते. जिल्हा सगळा दगडाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट इथे पायाखाली पसरला आहे. लोणारचे विवर याच खडकात आहे आणि तिथली जुनी मंदिरेही याच खडकाच्या मुलखातली. तरीही घरातली फरशी येते परराज्यातून. कारण लाव्हा थिजून झालेल्या या खडकाला थर नाहीत. तो फुटतो तो वेडावाकडा. त्याची गिट्टी होते, डबर होतो, टाकीने घडवून चिरा होतो, पण पाने सुटत नाहीत. सागरतळाशी थरांनी साचलेल्या चुनखडकाची मात्र पाने सुटतात. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींतून येणारी शहाबादी, तेलंगणातल्या तांदूरची फरशी, आंध्रचा काळा कडप्पा आणि राजस्थानचा हिरवट कोटा हे सगळे याच कुळातले.

महाराष्ट्राच्या गावांत दोन पिढ्या शहाबादीवर वाढल्या. ती इंच-दीड इंच जाड असते, वजन सोसते, दुरुस्त करता येते, आणि दगड उष्णता चटकन ओढून घेत असल्याने वैशाखातही पायाला गार लागते. शेतकऱ्याच्या घराला हे महत्त्वाचे. भाव वाढेपर्यंत कापूस, तूर, सोयाबीन घरातच ठेवले जाते. सोयाबीनच्या पोत्यांची पाच-सहा थरांची थप्पी, लोखंडी कपाट, पाटा-वरवंटा हे सगळे जाड दगड निमूट पेलतो. कोटा शहाबादीपेक्षा घट्ट आणि चिवट. त्याला यंत्राने पॉलिश केले की शोभतोही, आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा घासून घेतला की नव्यासारखा होतो. जिना, ओसरी, पडवी अशा राबत्याच्या जागांसाठी कोट्याच्या तोडीची दुसरी फरशी कमी किमतीत मिळत नाही.

या सगळ्या दगडांचा शत्रू एकच, आंबट. चुनखडक आणि संगमरवर दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, दही, व्हिनेगर सांडले की त्यांची चकाकी खाल्ली जाते, आणि न्हाणीघर साफ करायचे ॲसिड टाकले तर दगड अक्षरशः फसफसतो. मकराण्याचा पांढरा संगमरवर देवघराला शोभतो. हळद-चिंचेच्या स्वयंपाकघरात तो रडवतो. ओट्याला ग्रॅनाइट वापरतात ते याचसाठी. कठीणपणाच्या मोह मापनात संगमरवर तीनच्या आसपास बसतो, ग्रॅनाइट सहा-सातच्या, आणि लोखंडी खिळा पाचच्या आसपास. दुकानात नमुन्याच्या मागच्या बाजूला खिळ्याने ओरखडा ओढून आणि लिंबाचा थेंब टाकून पाहिले, तर दगडाचे कूळ विक्रेत्याला न विचारता कळते.

दगड आणि आजची टाइल यांच्यामध्ये मोझॅकचा एक मोठा काळ होऊन गेला. सिमेंटच्या टाइलमध्ये संगमरवराचे तुकडे घालून त्या दाबून करायच्या आणि बसवल्यावर यंत्राने घासायच्या. परदेशी टाइलला देशी पर्याय म्हणून 1922 मध्ये मुंबईच्या सिधवा कुटुंबाने भारत टाइल्स ही कंपनी सुरू केली, तेव्हा सिमेंटच्या टाइल हा स्वदेशीचाच एक भाग होता. जुन्या घरात मोझॅक असेल आणि पोकळ वाजत नसेल, तर ते उखडण्याची घाई करू नये. एकदा घासून पॉलिश केले की ते आणखी वीस वर्षे सहज जाते.

आज मात्र नव्या घरांत बहुतेक टाइलच लागते, आणि ती बहुधा गुजरातेतल्या मोरबीहून आलेली असते. सगळ्या टाइल दिसायला सारख्या, पण गुणांत फार वेगळ्या. साधी सिरॅमिक टाइल पाणी पिते. विट्रिफाइड टाइल अधिक तापमानाला भाजून जवळपास काचेसारखी घट्ट केलेली असते आणि तिचे पाणी शोषणे अर्ध्या टक्क्याच्या आत असते. टाइल उलटी करून पाण्याचा थेंब टाकावा. थेंब मुरला तर ती साधी सिरॅमिक. तसाच राहिला तर विट्रिफाइड. विट्रिफाइडमध्येही डबल चार्ज टाइलचा रंगाचा थर दोन ते चार मिलिमीटर जाड असतो, म्हणून ती झिजली तरी रंग जात नाही. वर नुसती छपाई आणि काचेचा लेप असलेली टाइल संगमरवरासारखी सुंदर दिसते; बैठकीच्या खोलीत चालते, पण जिथे शेतातून आलेल्या चपला रोज घासल्या जातात तिथे दारातली नक्षी आधी पुसते. कारण रेतीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण. दाराबाहेर एक आणि दाराआत एक अशी दोन पायपुसणी कुठल्याही महाग लेपापेक्षा फरशीचे आयुष्य अधिक वाढवतात.

चकाकी आणि सुरक्षितता यांचे जमत नाही. घरात म्हातारी माणसे असतील तर न्हाणी, संडास, ओसरी आणि अंगण इथे खरखरीत टाइल किंवा न घासलेला दगडच हवा. ओल्या गुळगुळीत टाइलवर मोडलेले खुब्याचे हाड पुढची सगळी वर्षे बदलून टाकते. न्हाणीच्या जमिनीला दर तीन फुटांना अर्धा इंच ढाळ असावा. गच्चीवर आणि अंगणात फिका रंग निवडावा. गडद टाइल दुपारी अनवाणी पायाला पोळते.

टाइलचे टिकणे मिस्त्रीच्या हातावर ठरते. दगडाची खालची बाजू खडबडीत असते, ती सिमेंटच्या मालाला धरते. विट्रिफाइड टाइल पाणीच पीत नसल्याने नुसत्या सिमेंटची स्लरी तिला नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइल ॲडहेसिव्ह वापरावे, ते खाचेच्या पट्टीने सगळीकडे सारखे पसरावे. चार कोपऱ्यांवर आणि मध्ये एकेक गोळा ठेवून टाइल दाबण्याची पद्धत घातक आहे. मधल्या पोकळीवर कपाटाचा पाय आला की टाइल तडकते. दुसरी चूक सांध्यांची. एकसंध दिसावे म्हणून टाइलला टाइल भिडवून लावतात. उन्हाळ्यात टाइल प्रसरण पावतात, त्यांना जागा मिळत नाही, आणि एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन मधली ओळ तंबूसारखी उभी राहते. दोन-तीन मिलिमीटरचा सांधा स्पेसर लावून सोडावा आणि भिंतीकडेने अर्धा इंच मोकळी जागा ठेवावी. ती स्कर्टिंगच्या पाटीखाली झाकली जाते. सांधे एका दिवसानंतर ग्राउटने भरावेत. काम संपल्यावर पैसे चुकते करण्याआधी लाकडी दांडक्याने प्रत्येक टाइलवर ठोकून पाहावे. भरीव टाइलचा आवाज बसका येतो, पोकळ टाइल डबडब वाजते. तिच्यावर खडूने खूण करून तेव्हाच बदलून घ्यावी.

टाइल घेताना मोजमापापेक्षा शेकडा पाच ते दहा जास्त घ्याव्यात, तिरकी नक्षी असेल तर थोड्या आणखी. एकाच नावाच्या टाइलची पुढची भट्टी किंचित वेगळ्या रंगाची निघते, आणि दोन-तीन वर्षांत तो नमुनाच बाजारातून जातो. उरलेले एक खोके माळ्यावर ठेवावे, त्यावरचा शेड नंबर न फाडता. पुढे कधी नळाची गळती शोधताना किंवा फुगलेल्या मातीने एखादा कोपरा उचलला म्हणून चार टाइल काढाव्या लागल्या, तर त्याच रंगाच्या चार तिथे बसवता येतात.